पाटानं घेऊन जाईन

सायकल येताना जयवंताला लांबूनच दिसली होती. ती ओरडली असती, तर सायकलवाला वाचला असता. पण ती ओरडली नाही. पेरूच्या बागेत पाण्याची दारं धरत, हातात खोरं घेऊन ती नुसती बघत राहिली. पाटाकडेच्या अरुंद वाटेवरून इतक्या तोऱ्यात सायकल मारणारा माणूस तिनं याआधी पाहिला नव्हता, आणि चारीचं पाणी फुटून ती वाट पुढं हातभर खचली आहे हे त्याला कसं कळतं, ते तिला बघायचं होतं.

त्याला ते पडूनच कळलं.

पुढचं चाक चिखलात रुतलं, मागचं वर आलं आणि कॅरिअरवरच्या कापडी पिशव्या चहूकडं उधळल्या. माणूस उठला तो अंग न झाडता आधी पिशव्यांकडं धावला. त्यातली एक फुटली होती. तिच्यातली माती तो चिखलापासून वेगळी करून ओंजळीत भरू लागला, तेव्हा मात्र जयवंताला हसू आवरेना.

“अवो, माती पायजे तर मागा की! हितं चार एकर पडलीया.”

“ही इथली नाही,” तो अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला. “ही सणसरची आहे. सहा इंचांखालची.”

“इंचाइंचाला येगळी आसती व्हय माती?”

“असते. खार किती वर चढलाय ते तिच्यावरून कळतं.”

“आन् सडक सोडून हिकडनं कशाला येता मरायला?”

“सडकेला बाभळीचे काटे. आठवड्यात तीनदा ट्यूब फुटली. म्हणून मी आपला पाटानंच जातो.”

जयवंतानं खोरं जमिनीवर टेकवलं. “पाटानं बाया जात्यात,” ती म्हणाली, “बाप्ये न्हाईत.”

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. पाट म्हणजे कालवा, आणि पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्नसुद्धा. वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाशिणींनी तिचं तोंड बघायचं नाही... दिवेलागणीनंतर चार माणसांत उरकायचं आणि बाईनं उजाडता निघायचं. बाई ‘पाटानं गेली’ म्हणतात ते याला. मग त्याचं लक्ष तिच्या मोकळ्या कपाळाकडं गेलं, तिच्या रिकाम्या मनगटांकडं गेलं, आणि तो घाईघाईनं म्हणाला, “माफ करा...”

“तुमी का माफी मागता? हासले तर मी!”

हे पंचावन्न सालचं, दिवाळीनंतरचं. जयवंता तेव्हा बावीस वर्षांची होती. नवरा पटकीनं जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि महिना भरायच्या आत सासरच्यांनी एका ट्रंकेसकट तिला पिंपळीला बापाच्या दारात आणून सोडलं होतं. बाप जोतीराम पेरूचा आणि वांग्याचा मळा राखून होता. घरात त्याची थोरली बहीण प्रयागबाई — जयवंताची आत्या — आणि हे दोघं. एवढंच घर.

सायकलवाल्याचं नाव संभाजी. इंदापूर तालुक्यातल्या बड्या घरचा. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून बी.एस्सी. झाला होता आणि आता एम.एस्सी.चा प्रबंध लिहीत होता. पाटाच्या पाण्यानं ऊस आला तशी काही रानं पांढरी पडू लागली होती. पाणी येतं पण निघून जात नाही, म्हणून जमीन आतून खारावते. हाच त्याचा अभ्यास. बारामतीत खोली घेऊन तो रोज सकाळी पिंपळीच्या पुढं चार मैलांवर शेतकी खात्याच्या फार्मवर जायचा. तिथं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, पण त्यांना तो ऐटीत ‘कॉलेज’ म्हणायचा.

त्या पडण्यात सायकलचा मागचा मडगार्ड सैल झाला, तो त्यानं कधी नीट करून घेतला नाही. का घेतला नाही ते विचारू नये. मडगार्डचा खडखड आवाज दोन शेतं अलीकडून ऐकू यायचा, आणि मग जयवंताला पेरूच्या शेवटच्या ओळीत काहीतरी काम निघायचं.

“आज कसं आलात?”

“पाटानंच.”

“आगं बाई! कुनी घेऊन चाललंय मग तुमाला?”

“तुम्हीच न्या. तुमचा मळा वाटेवर आहे.”

“सैपाक येतो का?”

“भात करपवता येतो.”

“मंग नगं. आमच्याकडं करपवाया आत्या हाय.”

रोज हेच, फक्त शब्द मागंपुढं. ‘पाटानं’ हा त्या दोघांचा शब्द होऊन बसला. तो म्हणताना हसायचा आणि ती ऐकताना खाली बघायची. पेरू पिकायला लागले तशी ती एक पेरू पाटावरच्या मोरीच्या कठड्यावर ठेवू लागली. तो थांबायचा, दात लावायचा, “गोड आहे,” म्हणायचा — आणि बघायचा दुसरीकडंच.

पौषातल्या एका सकाळी धुकं इतकं दाटलं होतं की पलीकडच्या उसाचे तुरेसुद्धा दिसत नव्हते. जयवंता डोक्यावर पेरूची पाटी घेऊन दुसऱ्या पुलापाशी चालली होती. तिथून गाडी बारामतीच्या बाजाराला जायची. मागून खडखड आली आणि थांबली.

“बसा,” तो कॅरिअरकडं बोट करून म्हणाला.

“खुळे का काय? लोकं बघत्याल.”

“लोकांना स्वतःचे पाय दिसत नाहीत आज.”

ती बसली. पाटी मांडीवर. एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत दोनशे पावलं असतील नसतील. आधी तिनं सीटखालची स्प्रिंग धरली, मग ती हाताला गार लागली म्हणून त्याच्या शर्टाची कड धरली. शर्टाला साबणाचा आणि धुरकट रॉकेलचा वास होता. पाटाचं पाणी बाजूनं मुकाट वाहत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला आपण कुठंतरी जातोय असं वाटलं... आणि पूल आला.

“उतरा.”

“आला कुठं पूल?” पूल समोर असताना ती म्हणाली.

त्यानं पाय टेकवला. पायडल मारलं नाही. दोघं तशीच थांबली, जोवर गाडीवानाचा खोकला ऐकू आला नाही तोवर.

उतरताना तिनं थट्टेनंच विचारलं होतं, “तुमच्यात लावत्यात का वो पाट?”

“आमच्यात पाटाच्या पाण्यावर ऊस लावतात,” तो हसून म्हणाला.

तीही हसली. उत्तर मिळालंच नाही, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

माघात संभाजीचं फार्मवरचं काम संपलं. पिशव्या सावलीत दोन महिने वाळवायच्या होत्या, आणि पत्र्याखाली माती तापायची. म्हणून जोतीरामाला विचारून त्यानं बावीस पिशव्या त्यांच्या माळ्यावर ठेवल्या. वाळल्या की त्या बारामतीच्या गाडीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायच्या, तोवर तो इंदापूरला घरी बसून लिहिणार होता. निघताना आत्या समोर होती, तरी तो जयवंताकडं बघून म्हणाला, “माझं तुमच्याकडं ठेवलंय. जपा.”

“काय काय ठिवलंय ते नीट सांगून जावा,” ती म्हणाली. “मागनं तंटा नगं.”

“सगळंच ठेवलंय,” तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

आत्यानं तांदूळ निवडता निवडता भाचीकडं नीट पाहून घेतलं.

त्याच महिन्यात लोणी भापकरहून झुंबररावाचं बोलणं आलं. माणूस चाळिशीचा, दम्याचा, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको बाळंतपणात गेलेली, मागं दोन लेकरं. तिकडं पाट नाही. फाल्गुन सरला की विहिरी तळाला जातात आणि बायका कोसभर पाण्याला जातात. त्याला लेकरांना बघणारी आणि घागर उचलणारी बाई हवी होती, आणि तसं त्यानं सरळ सांगितलं होतं. त्यात लबाडी काही नव्हती.

“म्या किती दिस पुरनार?” जोतीराम म्हणाला. “माझ्यामागं तुला भावकी हुबं करील व्हय दारात?”

“पाडव्यापत्तुर थांबा, आबा,” जयवंता म्हणाली. कशासाठी ते बोलली नाही.

आणि पाडव्याआधीच्या सोमवारी कार्ड आलं. पोस्टमन म्हस्कू ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचू लागला. ओट्यावर शेजारची चार माणसं होतीच.

“तीर्थरूप जोतीराम आबांस साष्टांग नमस्कार. आपण मला घरच्यासारखं वागवलंत, ते विसरणार नाही. माझं आपल्याकडे ठेवलेलं आहे, ते शुक्रवारी येऊन पाटानं घेऊन जाईन. जयवंताबाईंनी तयारी ठेवावी. आपला, संभाजी.”

म्हस्कूनं ‘पाटानं’ या शब्दाशी थांबून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग प्रयागबाईनं पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली.

“पोरीचं नशीब उघाडलं गं बाय! बीएस्शी झाल्याला जावई!”

जयवंता आत चुलीपुढं होती. तिनं ऐकलं मात्र, आणि हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. पाटानं, म्हणजे वाटेनं. ते, म्हणजे पिशव्या. तिला हे माहीत होतं. त्या सगळ्या गावात तिला एकटीलाच माहीत होतं. त्यानं तिला हसवायला लिहिलं होतं — तिनं चुलीपुढं एकटीनं वाचून हसावं म्हणून. आणि कार्ड चार माणसांत वाचलं जातं हे शिकलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पण ‘सगळंच ठेवलंय’ असं तोच तर म्हणाला होता. ‘तयारी ठेवावी’ असं पिशव्यांसाठी कुणी लिहितं का? निम्मी थट्टा असेल, पण उरलेली निम्मी...?

बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ती बोलली नाही. सोमवारी बोलली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी आबांनी लोणी भापकरला माणूस धाडून झुंबररावाला नकार कळवला, तेव्हाही ती गप्प राहिली. गुरुवारी आबा बाजारातून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या घेऊन आले आणि त्यांनी त्या तिच्यापुढं ठेवल्या. त्या चार दिवसांत तिनं माळ्यावरच्या बावीस पिशव्या खाली काढल्या, झटकल्या आणि ओळीनं लावल्या. म्हणजे तयारी तर तिनं दोन्ही बाजूंनी ठेवली होती. माणूस आशेला लागला की असंच वागतो, त्यात तिला हसण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला मडगार्ड खडखडला.

अंगणात घोंगडी अंथरली होती. तिच्यावर भावकीतली तिघं जण बसली होती आणि मधे पितळीत गूळ-खोबरं होतं. जोतीरामानं धुतलेला पटका बांधला होता. संभाजी सायकल भिंतीला लावून वळला आणि हे सगळं बघून जागच्या जागी उभा राहिला.

“या, बसा,” जोतीराम म्हणाला. “तुमचं कारड पोचलं. आमचं घर लहान, तुमचं कूळ मोठं. पर पोरीला पाटानं नेता म्हनून सोताच्या हातानं लिवलंत, ह्यात सगळं आलं. आमी काय जास्त बोलत न्हाय.”

प्रयागबाईनं तांब्या पुढं केला. संभाजीनं तो घेतला आणि प्यायला लागला. सगळा तांब्या प्याला. जयवंता दाराच्या चौकटीला धरून बघत होती. तांब्याभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्याच्या हातात होता. ‘व्हय’ म्हणायला त्याच्या निम्माही लागत नाही.

त्यानं तांब्या खाली ठेवला. “आबा, मी...” एवढं बोलून त्यानं तिच्याकडं पाहिलं.

त्या नजरेत प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं, पुष्कळ होतं. पण त्या घटकेला त्याहून जास्त होती ती विनवणी. मला यातून सोडव, असं ती नजर म्हणत होती. आणि जयवंतानं त्याला सोडवलं.

“आबा,” ती बाहेर येऊन म्हणाली, “पाव्हनं मातीच्या पिशव्या न्यायला आल्यात. पाटाच्या वाटंनं. ती वाट म्हनायची व्हती तेंला.”

“तुला कसं ठावं?”

“मला पयल्यापास्नं ठावं व्हतं.”

“मंग चार दिस बोलली का न्हाईस?”

“बोलावं वाटलं न्हाय.”

भावकीतला एक जण धोतर झटकत उठला, मग दुसरा. जोतीराम तसाच बसून राहिला, पितळीकडं बघत. बापाला त्या दिवशी जेवढा म्हातारा झालेला पाहिला, तेवढा तिनं पुढं कधी पाहिला नाही.

पिशव्या तिनंच पाटीत भरून वाटेपर्यंत नेल्या. कुणी अडवलं नाही. आता अडवण्यासारखं राहिलंही नव्हतं. पहिल्या पुलापाशी, जिथं तो पडला होता तिथं, तो कॅरिअरला दोरी बांधत होता आणि गाठ काही नीट बसत नव्हती.

“ती थट्टा होती, जयवंता,” तो म्हणाला. अहोजाहो गळून पडलं होतं. “तुला हसू यावं म्हणून लिहिलं.”

“आलं की. चार दिस हासत व्हते मी.”

त्यानं कपाळ सायकलच्या सीटवर टेकवलं. “मला तू... माझं तुझ्यावर...”

“म्हना. हितं कुनी न्हाय.”

“प्रेम आहे माझं तुझ्यावर. त्या पहिल्या दिवसापासून आहे.”

“मला बी हाय,” ती म्हणाली. “पर हे अंगनात म्हनायचं व्हतं, वो... हितं म्हनून काय करू मी?”

“आमच्यात पाट लावत नाहीत. वैशाखात बहिणीचं लग्न आहे. वडील...” तो थांबला. “पंधरा दिवस दे मला. मी बोलतो त्यांच्याशी. एक वेळ घर सोडीन, पण...”

“आबा उद्या लोणी भापकरला जात्याल. पटका हातात घेऊन.”

“पंधरा दिवस,” तो पुन्हा म्हणाला.

तिनं त्याच्या हातातली दोरी घेतली आणि गाठ मारून दिली. पक्की मारली, वाटेत काही सांडू नये म्हणून. तो गेला. खडखड दोन शेतांपर्यंत ऐकू आली आणि मग पाण्याच्या आवाजात बुडून गेली.

झुंबरराव हो म्हणाला. “तरी चालंल,” असं म्हणाला तो. आबांनी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं, आणि त्यातला ‘तरी’ जयवंताला रात्रंदिवस टोचत राहिला. सोळाव्या दिवसाची तिथी निघाली. पंधरा दिवस आपण वाट बघत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण पेरूच्या शेवटच्या ओळीतलं तण तिनं त्या पंधरवड्यात असं काढलं की तिथं काडी दिसेना. वाऱ्यानं कुठं पत्रा हलला तरी ती मान वर करायची.

तेराव्या दिवशी म्हस्कू आला. कार्ड त्यानं या वेळी वाचलं नाही. ओट्यावर न बसता, तिच्या हातात देऊन निघून गेला. चौथीपर्यंतचं वाचणं तिला पुरेसं होतं.

“पिशव्या पुण्यास सुखरूप पोचल्या. आपला आभारी आहे.”

त्यात जयवंताबाईंना काही लिहिलं नव्हतं, आणि पाटाचं नावही नव्हतं.

सोळाव्या दिवशी दिवेलागणीनंतर, वाजंत्रीशिवाय, चार माणसांत तिच्या हातात त्याच हिरव्या बांगड्या चढल्या. प्रयागबाई विधवा, म्हणून ती तेवढी जवळ उभी राहू शकली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चुलतभाऊ सावळाराम गाडी जुंपून आला. झुंबरराव खोकत पुढं बसला होता. त्याची धाकटी लेक आईच्या आठवणीनं की काय, रात्रीतच जयवंताचा पदर धरून झोपली होती, तिला तसंच मांडीवर घेऊन जयवंता मागं बसली.

गाडी पेरूच्या बांधाशी आली. तिथं वाट फुटते; एक पाटाकडेनं बारामतीला जाते, एक वरून सडकेला लागते. सावळारामानं बैल थांबवले.

“आक्का, पाटानं घेऊ का सडकंनं? पाटानं जरा गारवा लागंल.”

पाणी भरून वाहत होतं. मोरीच्या कठड्यावर आदल्या हंगामातला एक वाळका पेरू कुणी उचललाच नव्हता. जयवंतानं पोरीच्या डोक्यावर पदर ओढला.

“सडकंनं घे, दादा,” ती म्हणाली. “पाटानं तर मी चाललेच हाय.”

सावळारामानं कासरा ओढला, आणि गाडी सडकेला लागली.